जपानी संवर्धित मोती परदेशात मांडताना

अकोया या जपानी शिंपल्यातल्या मोत्यांचा सर जपानबाहेरच्या ग्राहकापुढे ठेवला, की पहिल्याच वाक्यात हा मोती संवर्धित आहे, म्हणजे माणसाने शिंपल्यात बीज ठेवून समुद्रात वाढवलेला आहे, हे स्पष्ट सांगावे. ग्राहकाने विचारले तरच ही गोष्ट सांगायची, एरवी चमक, शुभ्रपणा आणि जपानचे नाव एवढ्यावर भागवायचे, अशी पद्धत अनेक दुकानांत दिसते. माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जे नंतर कळले ते आधी लपवले होते असेच ग्राहक समजतो, आणि मग जपानी मोत्याची सर्वांत अभिमानाची बाजू, म्हणजे त्यामागचे शंभराहून अधिक वर्षांचे कौशल्य, त्याच्या लेखी फसवणुकीचा भाग होऊन बसते. प्रदर्शन भरवणाऱ्या, व्याख्यान देणाऱ्या, छोट्या प्रमाणात निर्यात करणाऱ्या किंवा आपल्या पेढीत जपानी मोती ठेवू पाहणाऱ्या कोणालाही हे मार्गदर्शन उपयोगी पडावे, अशी इच्छा आहे.

नाव आधी ठरवावे

सिब्जो या जागतिक दागिने महासंघाच्या नियमावलीप्रमाणे ‘मोती’ हा शब्द विशेषणाशिवाय फक्त नैसर्गिक मोत्यासाठी वापरता येतो, आणि मोती संवर्धित असेल तर तसे लिहावेच लागते. अमेरिकेतही ग्राहकसंरक्षणाचे नियम हेच सांगतात. म्हणून फलक, माहितीपत्रक, पावती आणि संकेतस्थळ या चारही ठिकाणी ‘जपानी अकोया संवर्धित मोती’ असा एकच शब्दप्रयोग ठरवून घ्यावा आणि जागेच्या सोयीसाठी त्यातला एकही शब्द गाळू नये.

मराठी ग्राहकाशी बोलताना आणखी एक अडचण येते. आपल्याकडे ‘हे मोती खरे आहेत का?’ असा प्रश्न विचारला जातो आणि त्या ‘खरे’ या शब्दाखाली दोन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. एकाला मोती काचेचा किंवा प्लॅस्टिकचा तर नाही ना, हे हवे असते; दुसऱ्याला तो आजीच्या नथीतल्या बसरा, म्हणजे आखाती, मोत्यासारखा नैसर्गिक आहे का, हे विचारायचे असते. उत्तर देताना नैसर्गिक, संवर्धित आणि नकली अशा तीन जाती वेगळ्या करून सांगाव्यात. संवर्धित मोती जिवंत शिंपल्यातच तयार होतो आणि त्याचे थर नैसर्गिक मोत्याच्याच द्रव्याचे असतात, परंतु त्याची सुरुवात माणसाच्या हाताने होते, एवढे सांगितले की प्रश्न सुटतो. आतला मणी बाहेरून दिसत नसल्याने शंका राहिलीच, तर क्ष-किरण तपासणीने निर्णय लागतो, हेही सांगावे.

वारसा कसा सांगावा

जपानी मोत्यांची गोष्ट बहुतेक वेळा मिकिमोतो कोकिची या एका नावाने सुरू होऊन त्याच नावाने संपते. तोबा या बंदरगावी १८५८ मध्ये जन्मलेल्या या माणसाने ११ जुलै १८९३ रोजी तिथल्याच एका बेटाजवळ वाढवलेल्या शिंपल्यात अर्धगोल मोती मिळवले, १८९६ मध्ये त्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि १८९९ मध्ये टोकियोच्या गिन्झा भागात दुकान काढले. हे सारे सांगावेच. परंतु आजचा संपूर्ण गोल मोती ज्या तंत्राने तयार होतो, ते तंत्र १९०७ च्या सुमारास मिसे तात्सुहेई आणि निशिकावा तोकिची या दोघांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या वाटेवरून आलेले आहे, आणि टोकियो विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ मित्सुकुरी काकिची यांचा सल्ला मिकिमोतो यांना लाभला होता. ही नावे गाळली तर गोष्ट सोपी होते, पण जाणकार श्रोत्याला ती अपुरी वाटते. उलट, एका समुद्रकिनाऱ्यावर अनेक माणसे एकाच कोड्यापाशी बसली होती हे सांगितले, तर वारसा एका पेढीचा न राहता एका प्रदेशाचा होतो.

परदेशात मोती कसा न्यावा याचे धडेही याच इतिहासात आहेत. मिकिमोतो यांनी १९१३ मध्ये लंडनला शाखा उघडली. पहिल्या महायुद्धानंतर गोल संवर्धित मोती युरोपच्या बाजारात येताच, १९२१ पासून, लंडन आणि पॅरिसच्या मोती व्यापाऱ्यांनी त्यांना बनावट ठरवण्याचा प्रयत्न केला. प्रकरण पॅरिसच्या न्यायालयात गेले आणि १९२४ मध्ये निकाल जपानी मोत्याच्या बाजूने लागला. त्या वादात शास्त्रज्ञांचे मत कामी आले. १९२७ मध्ये मिकिमोतो अमेरिकेत थॉमस एडिसन यांना भेटले, तेव्हा आपल्या प्रयोगशाळेत हिरा आणि मोती या दोन गोष्टी कधी करता आल्या नाहीत, अशा अर्थाचे उद्गार एडिसन यांनी काढले. त्या भेटीची बातमी कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडली असेल.

जागतिक प्रदर्शनांसाठी बनवलेल्या वस्तू तर आजच्या प्रदर्शनकर्त्याने बारकाईने पाहाव्यात. १९२६ मध्ये मिकिमोतो यांनी फिलाडेल्फियाला जपानमधल्या होर्यूजी मंदिराच्या धर्तीवरचा पाच मजली मनोरा नेला, त्यात १२,७६० मोती होते. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकेच्या स्वातंत्र्यघंटेची मोत्यांची प्रतिकृती नेली आणि त्या घंटेला पडलेली प्रसिद्ध चीर निळसर मोत्यांनी दाखवली. पहिल्या वस्तूत जपानचे रूप आहे, तर दुसऱ्या वस्तूत यजमान देशाची स्वतःची आठवण जपानी हातांनी घडवून त्याच्यापुढे ठेवलेली आहे. दुसरी वाट मला अधिक शहाणपणाची वाटते. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनातले ‘यागुरुमा’ हे ओबिदोमे, म्हणजे किमोनोच्या कमरपट्ट्यावरच्या दोरीत अडकवायचे अलंकारपान, याहून पुढचे होते: त्याचे भाग सुटे करून बारा वेगवेगळ्या दागिन्यांसारखे वापरता येत. किमोनो न नेसणाऱ्या बाईलाही जपानी अलंकार अंगावर घालता यावा, याचा विचार त्यात होता. हा दागिना पुढे अनेक दशके दृष्टीआड गेला आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पुन्हा समोर आला.

दर्जाची गोष्ट सांगायची असेल, तर १९३२ मध्ये मिकिमोतो यांनी कोबे शहरात हलके मोती लोकांसमक्ष आगीत टाकले, ही घटना पुरेशी आहे. ती सांगताना स्वतःच्या साठ्यातले हलके सर बाजूला काढलेले असले पाहिजेत, नाही तर ती सांगू नये.

या सर्वांच्या आधीचा काळ थोडक्यात आणावा. मान्योशू या आठव्या शतकातील काव्यसंग्रहात मोत्यांचे उल्लेख आहेत आणि नारा येथील शोसोइन या राजभांडारात त्या काळचे मोती जपलेले आहेत.

समुद्रातले काम दाखवावे

ग्राहकाला आकर्षण असते ते पाण्यात सूर मारणाऱ्या पांढऱ्या वेषातल्या अमा स्त्रियांचे, आणि माहितीपत्रकावर त्यांचेच छायाचित्र छापण्याचा मोह होतो. ते छापावे, पण त्याखाली खरे लिहावे. मोतीसंवर्धनाच्या सुरुवातीच्या काळात समुद्रतळाचे शिंपले वर काढणे, त्यांची जागा बदलणे, वादळाच्या वेळी त्यांना वाचवणे ही कामे अमांनी केली. आज तोबा आणि शिमा परिसरातील अमा प्रामुख्याने समुद्री गोगलगायी, शंख आणि समुद्रशैवाल काढतात, आणि मोत्यांचे शिंपले तराफ्यांखाली टांगलेल्या जाळ्यांत वाढतात. अमा बुडी मारून मोती घेऊन वर येते असे चित्र रंगवणे म्हणजे दोन्ही व्यवसायांवर अन्याय आहे. तोबा-शिमाची अमा मासेमारी आणि मोतीसंवर्धन या दोन्हींना मिळून जपानने २०१७ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या कृषिवारशात स्थान दिले आहे, हा आधार वापरावा.

प्रत्यक्ष प्रक्रिया सांगण्यासाठी शब्दांपेक्षा चार वस्तू टेबलावर मांडाव्यात: अकोयाचा रिकामा शिंपला, गोल मण्याचे बीज, बीज बसवण्याची बारीक हत्यारे आणि न निवडलेले मूठभर मोती. बीज हा परंपरेने अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातील नद्यांच्या जाड शिंपल्यातून कापून घासलेला मणी असतो. तो आणि दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा, म्हणजे कवचाच्या आतल्या मऊ पडद्याचा, एक लहानसा तुकडा हे दोन्ही शिंपल्याच्या अंगात एका कापातून ठेवले जातात. त्या तुकड्याच्या पेशी मण्याभोवती पिशवी तयार करतात आणि ती पिशवी मण्यावर थरामागून थर चढवते. अमेरिकन श्रोत्यांपुढे हा तपशील जरूर सांगावा. ज्या दागिन्याला ते परका समजतात, त्याच्या गाभ्यात त्यांच्याच नदीचा शिंपला आहे हे ऐकून लोक पुढे सरकून बसतात.

त्यानंतरचे कष्टही आकड्यांच्या भाराशिवाय सांगता येतात. शिंपल्यांवर चढणारे जीव वेळोवेळी खरवडून काढावे लागतात, पाणी फार तापले किंवा थंड झाले तर तराफे हलवावे लागतात, आणि एवढे करूनही बीज बसवलेल्या शिंपल्यांपैकी बरेचसे काढणीपर्यंत जगत नाहीत. काढणीला जपानीत ‘हामाआगे’ म्हणतात आणि अकोयाची हामाआगे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत होते, कारण थंड पाण्यात थर सावकाश आणि दाट बसतात व त्यामुळे वरची चमक तीक्ष्ण येते. आगो उपसागराच्या काठी काढणीच्या दिवसांत शिंपल्याचा आतला स्नायू खाण्यात येतो. असा घरगुती तपशील वारशाला जिवंत करतो, म्हणून तो फालतू समजून गाळू नये.

उगमाचे नाव ‘जपान’ एवढेच ठेवू नये. मिए प्रांतातला आगो उपसागर, एहिमे प्रांतातला उवाजिमाचा किनारा, नागासाकीतले त्सुशिमा बेट ही निरनिराळी पाणी आहेत. शेतकऱ्याचे गाव माहीत असेल तर ते छापावे. माहीत नसेल तर अंदाजाने आगो उपसागराचे नाव घालू नये.

पाणी दाखवण्याची रीत

मराठीत मोत्याचे पाणी असते, जपानीत ‘तेरी’. दोन्ही शब्द एकाच गुणाकडे बोट दाखवतात, आणि ग्राहकाला शिकवण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. चांगल्या अकोया मोत्यात समोरच्या खिडकीची चौकट आणि पाहणाऱ्याचा चेहरा रेखीव दिसतो. पाणी कमी असेल तर त्या जागी नुसता पांढरा ढग दिसतो. कोबेमध्ये मोत्यांची निवड उत्तरेच्या प्रकाशात केली जाते. तिथे रोक्को डोंगरावरून परतणारा सौम्य प्रकाश या कामाला फार मानवतो असे मानतात, आणि शहर मोत्यांच्या व्यापाराचे केंद्र होण्यामागे हेही एक कारण सांगितले जाते. परदेशातल्या दालनात असा प्रकाश मिळणार नाही, तरी पिवळे झोतदिवे बंद करून पसरट पांढरा प्रकाश आणि खाली करडे किंवा पांढरे कापड एवढी व्यवस्था करता येते. झोतदिव्याखाली साधा मोतीही चमकतो, त्यामुळे उत्तम मालाचे वेगळेपण झाकले जाते आणि नुकसान उत्तम माल ठेवणाऱ्याचेच होते.

दोन सर शेजारी शेजारी ठेवून तुलना करायला द्यावी. बीज बसवल्यावर त्याच वर्षी काढलेल्या मोत्यांना ‘तोनेनमोनो’ म्हणतात आणि एक हिवाळा ओलांडून पुढच्या वर्षी काढलेल्यांना ‘कोशिमोनो’. कोशिमोनोचा थर, ज्याला ‘माकी’ म्हणतात, साधारणपणे जाड असतो. हे दोन शब्द आणि दोन सर हातात दिले की किमतीतला फरक का आहे, हे समजावण्यासाठी वेगळे भाषण लागत नाही. ‘हानादामा’ या शब्दाबाबत मात्र फार सावध राहावे. तो अत्युत्तम मोत्यासाठी वापरला जातो, पण दुकानदार तो सैलपणे उच्चारतात. जपानी प्रयोगशाळेने त्या विशिष्ट सराला दिलेले प्रमाणपत्र सोबत नसेल, तर तो शब्द फलकावर लिहू नये.

पांढऱ्या अकोया मोत्यांवर बहुधा विरंजनाची (ब्लीचिंगची) आणि हलक्या गुलाबी छटेची प्रक्रिया झालेली असते. जपानी व्यापारात ती रूढ आहे, तरी ग्राहकाला ती लेखी सांगावी, आणि प्रक्रिया न केलेले मोती असतील तर तसे पुरवठादाराकडून लिहून घ्यावे.

कागदपत्रे आणि मोजमाप

संवर्धित मोत्यांचे वजन जगभर ‘मोम्मे’ या जपानी एककात चालते. एक मोम्मे म्हणजे ३.७५ ग्रॅम. मुंबईच्या मोतीबाजारात एकेकाळी ‘चव’, म्हणजे मोत्याच्या वजनावरून मोजायचे जुने माप, काढून भाव ठरत असे, हे आठवणारी घराणी आजही आहेत, त्यांच्यापुढे मोम्मेचा हिशेब मांडला तर संवाद लगेच जुळतो. किरकोळ ग्राहकासाठी मात्र व्यास मिलिमीटरमध्ये द्यावा. अकोया बहुतांशी ६ ते ८ मिलिमीटरच्या आसपास मिळतो आणि ९ मिलिमीटरच्या पुढे तो विरळ होत जातो.

विक्री न करता केवळ दाखवण्यासाठी दागिने नेत असाल, तर एटीए कार्नेट हे सीमाशुल्काचे आंतरराष्ट्रीय कागदपत्र काढावे, म्हणजे तात्पुरत्या आयातीवर शुल्क भरावे लागत नाही. वारसा म्हणून जुने जपानी अलंकार सोबत नेणार असाल, तर त्यांतले कंगवे, ओबिदोमे आणि केसांतल्या पिना नीट तपासाव्यात: त्यांत कासवाच्या कवचाचे ‘बेक्को’ काम किंवा हस्तिदंत असण्याची शक्यता मोठी असते आणि त्या वस्तू संकटग्रस्त वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराखाली येतात. मोत्यांसाठी सारे कागद तयार असताना एका जुन्या कंगव्यापायी पेटी सीमाशुल्क विभागात अडकू शकते.

जिथे जायचे तिथला इतिहास वाचावा

जपानी मोत्याचा उदय काही किनाऱ्यांसाठी ऱ्हासाचा काळ होता. आखाती देशांत पिढ्यान्‌पिढ्या पाणबुडे नैसर्गिक मोती काढत, तो माल मुंबईला येई, इथे त्याची निवड होई, वेज पाडले जाई आणि इथून तो युरोपला जाई. १९३० च्या दशकात जागतिक मंदी आणि जपानी संवर्धित मोती या दोन आघातांनी ती साखळी मोडली. बहारीनने आपल्या नैसर्गिक मोत्यांच्या रक्षणासाठी संवर्धित मोत्यांच्या व्यापारावर कायद्याने बंदी घातली, म्हणून तिथे जाण्याचा विचार असेल तर आधी कायदा पाहावा. आखातात इतरत्रही ‘जपानने मोती सर्वांना परवडणारा केला’ हे वाक्य अभिमानाने म्हणू नये. ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी आजोबांची होडी त्याच काळात कायमची किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते.

भारताशी असलेला दुवा जिव्हाळ्याचा आहे. कोबेमध्ये भारतीय मोती व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे आणि तिथल्या कितानो भागात १९८५ मध्ये जैन मंदिर उभे राहिले. त्यामुळे मुंबई-पुण्यात अकोया मोती नेताना परकी वस्तू नेत आहोत असे समजण्याचे कारण नाही. मात्र तो बसरा मोत्याचा पर्याय म्हणून मांडू नये. पारंपरिक नथीला हवे असते ते बसऱ्याचे किंचित पिवळसर, थोडे वेडेवाकडे मोती, आणि गोल, शुभ्र अकोया तिथे उपरा दिसतो. एकपदरी सर, कुड्या, तनमणी यांत तो शोभतो. नथीसाठी मला ‘केशी’ मोती सुचवावेसे वाटतात. संवर्धनाच्या वेळी शिंपल्यात बीजाशिवाय आपोआप तयार होणाऱ्या बारीक मोत्यांना जपानी लोक केशी, म्हणजे खसखस, म्हणतात. खसखशीएवढा मोती ही कल्पना मराठी कानाला अनोळखी वाटणार नाही, आणि तो नथीच्या तारेवर सहज बसतो.

समुद्राची आजची अवस्था लपवू नये

१९९२ मध्ये आगो उपसागरात लाल भरतीने, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या अतिवाढीने, शिंपल्यांची मोठी हानी केली. १९९६ पासून पश्चिम जपानमध्ये साथीने शिंपले मोठ्या प्रमाणावर मेले आणि २०१९ मध्ये एहिमे व मिए प्रांतांत कोवळे शिंपले पुन्हा मोठ्या संख्येने दगावले. अलीकडच्या वर्षांत भाव का चढले, असे ग्राहक विचारतो तेव्हा हे सांगावे. ‘दुर्मिळता’ हा शब्द मोघमपणे वापरला तर तो विक्रीची युक्ती वाटतो. वर्ष आणि कारण सांगितले तर ती माहिती ठरते. जपानने २०१६ मध्ये मोती उद्योगाच्या संवर्धनासाठी स्वतंत्र कायदा केला आहे, आणि निर्यात व मोतीसंस्कृतीचा प्रसार हे दोन्ही विषय त्यात येतात. जपानी संस्थांशी पत्रव्यवहार करताना त्याचा उल्लेख जरूर करावा.

विकल्यानंतर

परदेशात विकलेला सर दोन-तीन वर्षांनी रेशीम सैल पडून परत येतो आणि तिथे दुरुस्तीची सोय नसेल तर तो कपाटात पडून राहतो. म्हणून ज्या शहरात विक्री करायची, तिथे मोती गाठवणारा माणूस आधी शोधावा. आपल्याकडे पटवेकरी आहेत. त्यांना प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारण्याची रीत आणि त्या सराला लागणारे रेशीम दाखवून ठेवावे. ग्राहकाला द्यायच्या चिठ्ठीत तीनच सूचना असाव्यात. अत्तर आणि प्रसाधने लावून झाल्यावर मोती घालावेत. काढल्यावर घामाचा अंश राहू नये म्हणून मऊ कापडाने पुसावेत. ध्वनिलहरींनी दागिने धुणाऱ्या (अल्ट्रासॉनिक) यंत्रात ते कधीही धुऊ नयेत. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला शेताचा प्रांत, काढणीचा हंगाम, व्यास, झालेली प्रक्रिया आणि दुरुस्ती करणाऱ्याचा पत्ता ग्राहकाच्या भाषेत छापावा, आणि तीच चिठ्ठी सराच्या डबीत तळाशी ठेवावी.